सीट बसायची, नक्षी बघायची

गेल्या अंकात बुलेटवरच्या कोरीव चामडी सीटचा फोटो आणि माझी छोटी मुलाखत आली. त्यानंतर संपादकांनी पत्रांचा गठ्ठाच कोल्हापूरला पाठवून दिला आणि म्हणाले, आता तुम्हीच निस्तरा. घरचा मूळ धंदा चपलांचा. सीटकडे मी बऱ्याच उशिरा वळलो. लिहायची सवय नाही, तेव्हा बोलतो तसंच लिहिलंय. सारखेच प्रश्न पुष्कळांनी विचारलेत, त्यातला एकेकच घेतलाय.

प्रश्न : माझ्याकडे क्लासिक ३५० आहे. सीटवर मऊ, काळं, ‘अस्सल लेदर’चं कव्हर चढवलंय. त्याच्यावरच नक्षी कोरून मिळेल का?
— एक विद्यार्थी, कराड

नाही. तुझं कव्हर अस्सल चामड्याचं असेलही, पण ते क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत, कमावलेलं असणार. सोफे, जॅकेटं, गाड्यांच्या सीटा, सगळीकडे बहुतेक तेच वापरतात. मऊ असतं, पाण्याला फार घाबरत नाही. पण दाबलं की दबतं आणि सोडलं की परत वर येतं. ठसा धरून ठेवणं त्याला जमत नाही.

नक्षीला झाडपाल्यावर कमावलेलं चामडं लागतं. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा, दक्षिणेत तरवडाची साल. यांच्यातला तुरटपणा कातड्यात मुरला की ते चामडं ओलं असताना दाबाल तसं दबतं आणि वाळल्यावर तोच आकार धरून बसतं. कोल्हापुरी चपलेचं चामडं पूर्वापार असंच. ओळखायचं कसं? कापलेली कड बघ. रंग आरपार गेला नसेल तर क्रोमचं आतून निळसर-राखाडी दिसतं, झाडपाल्याचं बदामी. पॉलिश न केलेल्या कोऱ्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाक, तो आत शोषला गेला आणि जागा गडद झाली की तिथं नखानं रेघ मार. दुसऱ्या दिवशी रेघ तशीच असली तर माल आपल्या कामाचा.

मग सरळ चपलेच्या तळाचंच चामडं का नाही, असं तू विचारशील. ते म्हशीचं असतं. जाड, दमदार, पण दाणा भरड. मोठं ठळक कमळ त्याच्यावर झकास उठतं, बारीक पाकळ्या मात्र उठत नाहीत. राज्यात २०१५ पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे इथं हाताला लागतं ते मुख्यतः म्हशीचंच. बारीक कामाचं मी तामिळनाडूतून मागवतो, आणि कधी कधी कानपूरहून, कारण कानपूरला घोड्यांच्या खोगिराचं चामडं करायची जुनी सवय आहे. जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास असावी. आणि दुकानदाराला ठणकावून सांगायचं, पाठीचा भाग दे. पोटाकडचं चामडं स्वस्त पडतं, पण सैल असतं. त्याची सीट केली तर वर्षभरात सीटचंही पोट सुटतं.

प्रश्न : मी घरीच व्हिडिओ बघून चामडं कोरायला शिकतेय. पुढे सीट करायची इच्छा आहे. पण कधी माझी रेघ पुसट होते, कधी सुरी अडकून चामडं ओरबाडलं जातं. सुरीला धार आहे. काय चुकतंय?
— एक वाचक, इचलकरंजी

ताई, तुमचं पाण्याचं गणित चुकतंय. नव्वद टक्के लोकांचं तिथंच चुकतं आणि ते सुरीला दोष देतात.

चामडं फार ओलं असेल तर रेघ लगदा झाल्यासारखी मिटून जाते. फार कोरडं असेल तर सुरी अडते. या दोन्हींच्या मधली एक अवस्था असते आणि ती तासा-दोन तासांचीच असते. आदल्या रात्री चामडं दोन्ही बाजूंनी स्पंजनं नीट भिजवा, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा. पोळ्यांची कणीक झाकून ठेवल्यावर जशी मुरते, तसं हे पाणी आतपर्यंत सारखं मुरायला हवं. सकाळी पिशवीतून काढा आणि वाट बघा. वरचा रंग हळूहळू मूळ बदामीकडे परत येतो. पूर्ण आलेला नसतो, येत असतो. तेव्हा तळहात टेकवून बघा. वरून कोरडं दिसतं, पण हाताला गार लागतं. ही कोरायची वेळ. सुरी चालवली की रेघेच्या दोन्ही कडा स्वच्छ उभ्या राहतात आणि ठसा मारला की दाबलेली जागा आपोआप गडद तपकिरी होते. ती गडद झाली नाही तर समजा, पाणी कमी पडलंय. मधेच कोरडं पडत चाललं तर स्पंज नुसता फिरवायचा, ओतायचं नाही.

सुरी म्हणजे स्विव्हल नाइफ, वर तर्जनी टेकवायचा घोडा असतो आणि दांडी बोटांत फिरते ती. चपला करायच्या आपल्या रापीनं हे काम होत नाही. रापी कापायला आणि सोलायला. स्विव्हल नाइफ किंचित पुढं झुकवून स्वतःकडे ओढायची, खोली चामड्याच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शापासून फार तर निम्म्यापर्यंत. धार आहे म्हणता, पण धारेला पॉलिश आहे का? चामड्याच्या पट्टीवर रूज (पातं चमकवायची पॉलिशची वडी) चोळून तिच्यावर पातं दर दहा-पंधरा मिनिटांनी घासत जा. अडकण्याचं निम्मं कारण तिथं मिटतं.

रेघ मारली म्हणजे फूल उठलं असं नाही. रेघेच्या बाहेरची बाजू बेव्हलरनं, म्हणजे तिरप्या तोंडाच्या ठशानं, ठोकून खाली बसवायची, तेव्हा आतली पाकळी वर आल्यासारखी दिसते. बेव्हलर उचलून-उचलून ठोकला तर पायऱ्या पडतात. तो रेघेवरून जागचा न उचलता सरकवत न्यायचा आणि वर हलके ठोके चालू ठेवायचे. मग पाकळीच्या पोटात गोल छटा, देठांच्या मधली मोकळी जागा बारीक ठशानं दाबून खाली, आणि शेवटी सुरीचे दोन-चार सुंदर फटकारे. हे शेवटचे फटकारे बघून लोक कारागीर ओळखतात.

लोखंडाचा हातोडा वापरू नका. कातड्याचा किंवा प्लास्टिकचा मोगर घ्या, नाहीतर ठशांची डोकी चेचतात. खाली दगड हवा. महागडी फरशी विकत घेऊ नका. स्वयंपाकाचे ओटे बसवणाऱ्याकडे ग्रॅनाइटचे उरलेले तुकडे पडलेले असतात, दोन इंच जाडीचा मिळाला तर उचलाच. सरावाला चपलांच्या कारखान्यातली कात्रणं मागा. हात बसेपर्यंत पट्टे आणि किल्लीच्या पट्ट्या करा, सीट नको. सीटचं चामडं महाग असतं आणि कोरताना ते ताणलं जातं, म्हणून मागच्या बाजूला रुंद चिकटपट्टी मारायची आणि बाहेरचा आकार सुरुवातीला मोठाच ठेवायचा. कोरून झाल्यावर मापात कापायचा.

अजून एक. जिथं ग्राइंडर चालतो त्या खोलीत ओलं चामडं नेऊ नका. लोखंडाचा कण पडला की निळाकाळा ठिपका उमटतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) एकत्र करून पूर्वी शाई करायचे ना, तीच शाई तुमच्या चामड्यात तयार होते. ताजा ठिपका लिंबाच्या रसानं फिका पडतो. जुना झाला तर सीट काळी करायची, दुसरा उपाय नाही.

प्रश्न : बसल्यावर नक्षी टोचत नाही का? मी ठाण्याहून दर दोन महिन्यांनी गोव्याला जातो, तासन्‌तास सीटवर असतो.
— एक वाचक, ठाणे

कोरलेली फुलं टोचत नाहीत, पण लांबच्या प्रवासात घामानं आणि घासण्यानं तीच आधी मरतात. म्हणून बसायच्या जागी मी नक्षी करत नाही, गिऱ्हाईकानं कितीही गळ घातली तरी. पुढचं निमुळतं टोक, दोन्ही बाजूंच्या झालरी, मागचा चढ, एवढी जागा नक्षीला भरपूर होते. मधला भाग साधा, किंवा फार तर चौकटीची उथळ जाळी.

आणि खरं सांगू का, दुखणं नक्षीनं येत नाही, खालच्या पत्र्यानं आणि फोमनं येतं. लोक चामड्याच्या रंगावर तासभर बोलतात आणि फोमबद्दल एक प्रश्न विचारत नाहीत. मऊ फोम दुकानात बसल्यावर गादीसारखा वाटतो, पन्नास किलोमीटरवर तो दबून तुम्ही पत्र्यावर बसलेले असता. घट्ट फोम खाली, त्यावर पातळ मऊ थर, असा क्रम हवा. सीटचं तोंड पुढं उतरतं असेल तर ब्रेक मारला की तुम्ही टाकीवर घसरता आणि सगळं वजन मनगटांवर जातं. सीट जवळजवळ सपाट, मागून किंचित उचललेली ठेवा.

घरबसल्या एक माप घ्या. खोक्याचा नालीदार पुठ्ठा कठीण स्टुलावर ठेवा, त्यावर पाच मिनिटं ताठ बसा, किंचित पुढं झुका. उठल्यावर दोन खळगे दिसतात, ती तुमची बसायची हाडं. दोन्हींच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजून कारागिराला कळवा. स्प्रिंगवाल्या सोलो (एकट्याच्या) सीटचा मागचा भाग त्या मापाला दोन्ही बाजूंनी पुरला पाहिजे. माप न विचारता जो सीट करून देतो तो शोभेची वस्तू देतो.

प्रश्न : आमच्या रायडिंग ग्रुपच्या सगळ्या गाड्यांच्या सीटवर राजमुद्रा कोरून हवी आहे. एकरकमी ऑर्डर देऊ.
— एक ग्रुप, सातारा

नको. ऑर्डर मोठी आहे हे दिसतंय मला, तरी नको. सीटवर आपण काय टेकवतो हे मी मासिकात लिहायची गरज नाही. महाराजांची मुद्रा, महाराजांचं चित्र, देव, कुणाचंही नाव, यातलं काही मी सीटवर करत नाही. हौसच असेल तर टाकीवरून जाणारा चामडी पट्टा करा आणि त्यावर मुद्रा घाला, तिथं ती शोभते आणि दिसतेही.

सीटसाठी दुसरं पुष्कळ आहे. पैठणीच्या पदरावरचा मोर, आसावलीची वेल, जास्वंद, कमळ. एकदा सगळ्यांनी गाड्या काढून खिद्रापूरला जा. कोपेश्वराच्या देवळाच्या भिंती सकाळच्या तिरप्या उन्हात बघा, खालच्या पट्ट्यातले हत्ती बघा. भोवतालचा दगड खाली गेला म्हणून हत्ती वर आलाय. आमचं चामड्याचं कामही तेवढंच, फक्त आम्ही काढून टाकत नाही, दाबतो.

प्रश्न : मी कामानिमित्त कोलोरॅडोत असतो. इथं मोटारसायकलींच्या सीटवर घोड्याच्या खोगिरासारखी दाट फुलांची नक्षी पाहिली. त्याला शेरिडन म्हणतात असं कळलं. तुमचं काम त्याच धाटणीचं आहे का?
— एक वाचक, डेन्व्हर

हत्यारं तीच, चाल वेगळी. शेरिडन हे वायोमिंगमधलं गाव, तिथल्या डॉन किंग या खोगीर करणाऱ्या कारागिरानं (१९२३–२००७) ती धाटणी घडवली. लहान लहान फुलं दाट बसवलेली, आणि प्रत्येक फुलाभोवती देठ गोल फिरत जातो, एका गोलातून सुटून दुसऱ्या गोलात शिरतो. कुठंही देठाचा ओघ तुटता कामा नये, हा तिचा कडक नियम. खोगिरावर हात बसलेल्या लोकांनी तीच नक्षी मोटारसायकलच्या सीटवर आणली यात नवल नाही. दोन्हींवर माणूस टांग टाकूनच बसतो.

आपली वेल काठाची आहे. लुगड्याच्या काठासारखी ती एका दिशेनं पुढं पुढं जाते, फूल-पान, फूल-पान. म्हणून माझा हिशेब असा की सीटच्या झालरीला आपली काठाची वेल बसवावी आणि मागच्या रुंद भागाला शेरिडनचे गोल. गोलाकार जागेत काठाची वेल कोंबली की ती वळणावर आखडते, आणि लांबट पट्टीत शेरिडनचे गोल अर्धवट कापले जातात. तुम्ही तिथलाच एखादा कारागीर गाठणार असाल तर त्याला पैठणीच्या काठाचा फोटो नेऊन दाखवा. काय करतो ते मलाही बघायला आवडेल, फोटो पाठवा.

प्रश्न : हौसेनं कोरीव सीट करून घेतली. पहिल्याच पावसाळ्यात पांढरी बुरशी आली आणि कडेला वाकली. आता काय करू?
— एक वाचक, चिपळूण

चिपळूणचा पाऊस आणि झाडपाल्याचं चामडं, यांची सोयरीक जमवणं अवघड. स्पष्टच सांगतो, जूनमध्ये दोन नट काढा, कंपनीची जुनी सीट चढवा, कोरीव सीट घरात वाऱ्यावर ठेवा आणि नवरात्रात परत बसवा. कोकणातल्या माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना मी हेच सांगतो.

बुरशी कोरड्या कापडानं अंगणात पुसा, घरात नको, ती उडून चपलांवर बसते. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन कापड नुसतं ओलसर करून पुसा, सावलीत वाळवा. आधी कोपऱ्यावर करून बघा, काही रंग उतरतात. हेअर ड्रायर नाही, ऊन नाही, चूल तर नाहीच. घाईनं वाळवलेलं चामडं कडक होऊन तडकतं. वाकलेली कड ओलसर करून हातानं जागेवर बसवा, कापडी पट्टीनं बांधून दोन दिवस सोडा.

तेल लावायचं ते चामडं वाळल्यावर, आणि थोडं. लोक खोबरेल चोपडतात. ते थंडीत नक्षीच्या खाचांत पांढरं गोठून बसतं. शेंगदाण्याचं खवट होतं. नीट्सफूट तेल (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं) मिळालं तर हलका एक हात, वर मधमाशीच्या मेणाचं पॉलिश. भरमसाट तेल पाजलं तर चामडं सैल पडून फुलं बसतात. गाडी झाकायला प्लास्टिकचं कव्हर असेल तर पाऊस थांबला की काढून टाका, आतल्या आत घाम धरतो आणि बुरशी तिथंच सुरू होते. आणि सीट उलटी करून पत्र्याला पाणी निथळायला भोक आहे का बघा. नसेल तर पाडून घ्या. खालचे रिव्हेट लोखंडी असतील तर पितळी करा.

प्रश्न : शिलाई मशीनची चालेल का? हातशिलाईचे खूप जास्त सांगतात.
— एक वाचक, सोलापूर

चालेल, पण मशीनचा टाका एका जागी तुटला की पुढं उसवत जातो. दोन सुयांनी घातलेल्या हातच्या टाक्यात दोन्ही दोरे प्रत्येक भोकातून जातात, एक तुटला तरी दुसरा धरतो. भोकं आरीनं पाडायची, इंचाला सहा-सात. दोरा मेण लावलेला पॉलिएस्टरचा. सुती दोरा घामानं आणि पावसानं कुजतो.

प्रश्न : मुलगा इंजिनिअर आहे. नोकरी सोडून चामड्याच्या सीटा करायच्या म्हणतो. आमच्या सासूबाई म्हणतात, ‘हे आपल्यातलं काम नाही.’ तुम्ही काही सांगाल का?
— एक वाचक, पुणे

सासूबाईंना मी काही सांगणार नाही, ते घरातलं घरात मिटवा. माझे आजोबा हीच रापी चालवायचे तेव्हा त्यांना ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं. आज तीच रापी ‘लेदर क्राफ्ट’ म्हणून शहरात फी घेऊन हातात देतात. याचं मला काही वाटत नाही असं नाही, पण काम जास्त हातांत गेलं तर मला आनंदच आहे.

मुलाला सांगा, ज्या कारागिराकडून शिकशील त्याला शिकवण्याचे पैसे दे आणि आपल्या सोशल मीडियाच्या पानावर त्याचं नाव लिही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. पण चप्पल कुणाच्या हातची, हे दुकानात अजून कुणी विचारत नाही. आणि नोकरी लगेच सोडू नको म्हणावं. शनिवार-रविवार काम कर, पहिल्या सीटा मित्रांना दे आणि पावसाळ्यानंतर त्या परत मागवून बघ.

प्रश्न : नवऱ्यानं गडद तपकिरी कोरीव सीट करून घेतली. माझ्या मोतिया साडीला मागून रंग लागला. साडी गेलीच, पण सीटचं काय करायचं?
— एक वाचक, नागपूर

ताई, रंग चढवल्यावर सुकलेला भुगा घासून काढावा लागतो, तो काढलेला नाही, आणि वरचा संरक्षक हातही दिलेला नाही. दोन्ही काम कारागिराचं, नवऱ्याचं नाही, त्यांना फार बोलू नका. पांढरा रुमाल ओला करून सीटवर जोरात घासा. रंग आला तर सीट कारागिराकडे परत न्या, कोरड्या कापडानं घासून घ्या आणि वर अॅक्रिलिक फिनिशचे दोन पातळ हात द्यायला लावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा रुमाल.

पुढची सीट काळी करायची असेल तर लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये मुरवून केलेला काळा मागा, आणि नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पुसायला सांगा. तो रंग वरून बसत नाही, चामड्यातल्या तुरटपणाशी मिळून आतच तयार होतो, त्यामुळे कपड्याला फारसा लागत नाही. तरी नवी कोरी सीट आली की पहिले पंधरा दिवस लग्नाला रिक्षानं जा.